कळंब्याच्या उताऱ्यावरची सही

कोल्हापुरातून गारगोटीच्या रस्त्याला लागले की मध्यवर्ती कारागृह आणि संस्थानकाळातला तलाव यांच्या आसपास पसरलेल्या गावाला सगळे कळंबा म्हणतात. महसुली कागदांत मात्र ते 'कळंबे तर्फ ठाणे, तालुका करवीर' आहे. तर्फ हा जुन्या राज्यकारभारातला विभाग. तो मोडून किती पिढ्या गेल्या, पण सातबारा उताऱ्याच्या माथ्यावर तो अजून छापला जातो. त्याच उताऱ्याच्या तळाशी आता असेही छापलेले असते की, हा अभिलेख डिजिटल स्वाक्षरीत असल्याने त्यावर वेगळ्या सही-शिक्क्याची आवश्यकता नाही. माथा आणि तळ यांच्यामधल्या त्या एका पानात निदान तीनशे वर्षांचा इतिहास आहे.

कळंब्यासारख्या गावाला या इतिहासाशी घेणे-देणे आहे, कारण इथे कागद सतत तयार होतो. शहर दक्षिणेला सरकत आले, उसाच्या रानांचे प्लॉट पडले. एका गुंठ्याचा व्यवहार झाला तरी खरेदीखत, फेरफार, सातबारा, बिनशेतीचा आदेश, बँकेचा बोजा एवढी कागदांची रांग लागते. कोल्हापूरच्या हद्दवाढीचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि त्यातून 2017 मध्ये शहराभोवतीच्या 42 गावांसाठी वेगळे प्राधिकरण नेमले गेले. अशा गावात जमिनीची किंमत वाढते तशी खोट्या कागदाचीही वाढते. म्हणून कागद खरा कसा ठरवायचा, हा इथे रोजचा प्रश्न आहे.

मराठेशाहीत या प्रश्नाचे उत्तर दोन ठिकाणी होते, एक दरबारात आणि एक गावात.

दरबारी कागदाची शिस्त आजच्या माणसालाही थक्क करील अशी होती. कागदाच्या माथ्यावर राजाची किंवा प्रधानाची मुद्रा उमटायची. मजकूर संपला की लगेच खाली मोर्तब, म्हणजे छोटा समाप्तीचा शिक्का. त्याचे काम एकच होते. इथे मजकूर संपला, याच्या खाली कोणी एक अक्षर वाढवले तर ते आमचे नव्हे. लांब पत्रे कागदाचे तुकडे चिकटवून केलेली असत, तेव्हा जोडाच्या पाठीमागेही शिक्का मारत, म्हणजे मधला बंद काढून दुसरा घालता येऊ नये. आणि कागद बाहेर पडण्याआधी त्याची नोंद दप्तरात घेऊन त्यावर 'बार' असा शेरा पडे. या शेऱ्याला मी शिक्क्याहून अधिक महत्त्व देतो. शिक्का खोदणारा कारागीर कुठेही मिळेल, पण राजाच्या दप्तरातली त्या दिवशीची नोंद बाहेरच्या माणसाला खोदून आणता येत नाही.

शिक्का कोणाच्या ताब्यात, हाही तेव्हा राज्याचाच प्रश्न असे. पद मिळणे म्हणजे शिक्के-कट्यार मिळणे. पद गेले की शिक्के परत घ्यायचे आणि त्या शिक्क्याने पुढे निघालेला कागद मानायचा नाही. 1710 च्या सुमारास ताराबाईंनी करवीरची गादी वेगळी मांडली तेव्हा मराठ्यांची दोन दप्तरे आणि दोन मुद्रा झाल्या. सीमेवरच्या वतनदारांनी कोणाची सनद खरी मानायची, याचे पेच पुढे कित्येक वर्षे चालू राहिले.

गावातले उत्तर वेगळे होते. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. लिहिता येणारे थोडे. त्यामुळे प्रत्येकजण आपली निशाणी काढी. पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा, लढवय्या घराण्याची कट्यार. नावापुढे काढलेले ते छोटे चित्र म्हणजे त्या माणसाची सही. नांगर कोणीही काढू शकतो, हे सगळ्यांना माहीत होते. पण महजराच्या वेळी पन्नास माणसे समोर बसलेली असत. उद्या कोणी म्हणाले की हा नांगर माझा नव्हे, तर गाव त्याला खोटे पाडी. निशाणीचे बळ रेषेत नव्हते, बसलेल्या माणसांत होते.

बनावट महजर तरीही झालेच. इंग्रजांनी 1843 पासून दक्षिण मराठा मुलखात आणि 1852 च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात इनामांची चौकशी केली, तेव्हा सनदांचे ढीग तपासायला आले. इनाम कमिशनने हजारो कुटुंबांना होरपळवले, त्याचे समर्थन मी करणार नाही. पण पडताळणीची त्यांची मुख्य रीत समजून घेण्यासारखी आहे. हातातली सनद कितीही सुबक असो, ती पेशव्यांच्या दप्तरातल्या नोंदींशी ताडून पाहिली जाई. तिथे मेळ लागला तर इनामदार तरला. ज्याची नोंद सापडली नाही, त्याच्या सनदेवरचा शिक्का खरा असूनही तो बुडाला असण्याची शक्यता आहे, आणि ही गोष्ट आजच्या ऑनलाइन नोंदी सांभाळणाऱ्यांनी विसरू नये. दप्तर अपुरे असेल तर खरा माणूसही खोटा ठरतो.

कोल्हापूर संस्थान या कमिशनच्या कचाट्याबाहेर राहिले. इथे मोठा बदल झाला तो 1918 मध्ये. त्या वर्षी शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन खालसा केले आणि गावचे दप्तर पगारी तलाठ्याच्या हाती दिले. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात असलेली लेखणी त्या घरातून काढून घेतली गेली. मोठा वाद झाला, पण महाराज मागे हटले नाहीत. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या शिकलेल्या तरुणांनाही त्यांनी तलाठी नेमले. या निर्णयाकडे सामाजिक सुधारणा म्हणून नेहमी पाहिले जाते आणि ते बरोबरच आहे. मला त्यात कागदाच्या इतिहासातलाही एक टप्पा दिसतो. नोंद ठेवणारा आता बदलता येणारा, बदलीवर जाणारा, जाब विचारता येणारा माणूस झाला. सहीमागचा अधिकार घराण्याकडून पदाकडे गेला. उताऱ्यावरची आजची डिजिटल सहीसुद्धा पदावरच्या माणसालाच दिली जाते, हे तेव्हाच ठरून गेले म्हणायचे.

शिक्क्याची दुसरी वाट मुद्रांकाची. स्टॅम्प पेपर म्हणजे सरकारने घेतलेला कर आणि त्याची पावती एकाच कागदात. करवीर संस्थानचे स्वतःचे मुद्रांक होते. 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्याआधीच्या या भागातल्या दस्तांवर ते दिसतात. ब्रिटिश हिंदुस्थानाचे मुद्रांक 1925 पासून नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जाऊ लागले. जलचिन्ह, खास कागद, खास शाई, पहारा. अडचण अशी की मुद्रांकाचा खरेपणा सगळा त्या कागदाच्या अंगात होता. विकत घेणाऱ्याला तो कुठे ताडून पाहता येत नव्हता.

त्या फटीतून अब्दुल करीम तेलगी आत शिरला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा, म्हणजे मराठी बोलणाऱ्या सीमाभागातला, रेल्वेत फळे विकून शिकलेला मुलगा. 1994 मध्ये त्याने मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवला. नाशिकच्या प्रेसमधून भंगारात काढलेली छपाईयंत्रे त्याच्या हाती लागली आणि खोटा मुद्रांक खऱ्या यंत्रावर छापला जाऊ लागला. इथे जाणकार डोळ्यानेही काय ओळखायचे? त्याच्या माणसांनी हा माल बँका, विमा कंपन्या आणि दलालांच्या गळी उतरवला. नोव्हेंबर 2001 मध्ये तो अजमेरला पकडला गेला, 2002 मध्ये पुण्याच्या बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला आणि पुढे तपासात पोलीस, अधिकारी, राजकारणी यांची नावे येत गेली. 2007 मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला सक्तमजुरी आणि 202 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. 2017 मध्ये तो बंगळुरूत कैदेत असतानाच वारला.

तेलगी प्रकरणात लोकांना भ्रष्टाचार आठवतो. व्यवस्थेने मात्र आणखी एक धडा घेतला, की कागद जपून भागत नाही. फ्रँकिंग आले, मग 'ग्रास' प्रणालीवरचे ई-चलन आणि बँकेची ई-एसबीटीआर पावती आली. आता करवीरच्या दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायचा तर मुद्रांक शुल्क आधी ऑनलाइन भरले जाते. नोंदणीच्या वेळी ते चलन संगणकावर 'डिफेस' करतात, म्हणजे वापरले गेले अशी खूण शासनाच्या नोंदीत बसते. तेच चलन दुसऱ्या दस्ताला लावायला गेले तर प्रणाली नाकारते. मोर्तब आणि बार ही दोन जुनी कामे इथे एका क्लिकमध्ये झाली. छापलेल्या चलनाची झेरॉक्स कोणी कितीही काढो.

कोल्हापूर जिल्ह्याला संगणकी कागदाचा अनुभव तसा लवकर आला. 1998 मध्ये वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या आधाराने कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली 70 गावे संगणकाने जोडण्याचा 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. केंद्राचे माहिती तंत्रज्ञान कृतिदल, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्य सरकार आणि वारणा समूह असे चौघे त्यात होते. स्वप्न मोठे होते. गावातल्या खोलीत बसून सातबारा, बाजारभाव, शेतीसल्ला सगळे मिळायचे होते. प्रत्यक्षात टिकून राहिले ते उसाच्या वजनाची आणि खताची माहिती देण्याचे काम. काही वर्षांनी संशोधकांनी त्याच कामासाठी संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि संदेश वापरून पाहिले आणि ते चालले. शेतकऱ्याला ज्या आकड्याची खरोखर गरज होती आणि ज्यावर कारखान्याचा विश्वास होता, तेवढाच आकडा यंत्रातून वाहिला. सातबारा वाहायला आणखी वीस वर्षे लागली, कारण तोवर यंत्रातल्या सातबाऱ्यावर सही करायची सोय नव्हती.

ती सोय गणितातून आली. 1976 मध्ये डिफी आणि हेलमन या दोघांनी दोन किल्ल्यांची कल्पना मांडली. एक खासगी, फक्त धन्याकडे. दुसरी सार्वजनिक, जगाला दिलेली. पुढच्या वर्षी एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांनी ती चालवून दाखवली. सहीची क्रिया अशी. आधी संपूर्ण दस्तातून एक ठरावीक लांबीचा आकडा काढायचा. याला हॅश म्हणतात. उसाचा रस काढता येतो, रसातून परत कांडे करता येत नाही, तसेच हे आहे. दस्तात एक स्वल्पविराम हलला तरी आकडा पार बदलतो. तो आकडा खासगी किल्लीने बंद केला की झाली सही. ज्याला खातरजमा करायची त्याने सार्वजनिक किल्लीने तो उघडायचा, समोरच्या दस्ताचा आकडा नव्याने काढायचा आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचे. जुळले तर दोन गोष्टी एकदम सिद्ध होतात. सही त्या किल्लीचीच आहे आणि सहीनंतर मजकूर बदललेला नाही. माथ्याची मुद्रा आणि तळाचे मोर्तब दोन्ही त्यात आले.

ही किल्ली अमक्याचीच, हे कोण सांगणार? त्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा झाला आणि 17 ऑक्टोबर 2000 पासून तो लागू झाला. दिल्लीत प्रमाणन प्राधिकरणांचा नियंत्रक नेमला गेला. त्याच्या परवान्यावर चालणाऱ्या संस्था माणसाची ओळख तपासून प्रमाणपत्र देतात. ते एका छोट्या यूएसबी टोकनमध्ये असते आणि तलाठी, मंडळ अधिकारी, निबंधक, सनदी लेखापाल ते संगणकाला लावून सही करतात. कायद्याच्या दुरुस्तीने पुढे इतर इलेक्ट्रॉनिक सह्यांनाही वाट मोकळी केली. 2015 मध्ये आधारच्या ओटीपीवर चालणारी ई-साइन सेवा मान्य झाली. पुण्याच्या सी-डॅकची 'ई-हस्ताक्षर' त्यातलीच. टोकन नसलेल्या सामान्य माणसालाही आता सही करता येते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. सहीचा फोटो काढून पीडीएफवर चिकटवणे, किंवा गोल शिक्क्याचे रंगीत चित्र ठेवणे, ही डिजिटल सही नव्हे. ते नांगराचे चित्र आहे आणि समोर गोतसभाही बसलेली नाही. सोसायट्या, पतसंस्था, शाळा आणि छोट्या कचेऱ्या असे चित्र सर्रास वापरतात. ते थांबले पाहिजे.

महाराष्ट्रात खरी कसोटी लागली सातबाऱ्याची. राज्यात अडीच कोटींच्या आसपास सातबारे आहेत. हस्तलिखित उतारे संगणकात भरताना चुका झाल्या. नाव चुकले, क्षेत्र चुकले, इतर हक्कातला बोजा राहून गेला. चुकीच्या उताऱ्यावर अचूक डिजिटल सही केली असती, तर चूकच कायमची पक्की झाली असती. म्हणून सहीआधी दुरुस्तीचे काम हाती घेतले गेले. 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले. संगणकातला सातबारा चावडीवर मोठ्याने वाचायचा आणि खातेदारांनी हरकत सांगायची. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडणारी घटना हीच. सर्व्हर आणि किल्ल्यांची तयारी झाल्यावरही सरकारला शेवटी गावासमोर बसून कागद वाचावा लागला. काही ठिकाणी हे वाचन मनापासून झाले, काही ठिकाणी उरकले गेले, आणि जिथे उरकले तिथले लोक अजून कलम 155 खाली दुरुस्तीचे अर्ज घेऊन तहसीलला खेटे घालत आहेत.

तलाठ्यांचे श्रमही सांगितले पाहिजेत. एकेकाकडे अनेक गावे, सर्व्हर डाऊन, आणि रात्री नेटवर्क हलके चालते म्हणून रात्री जागून केलेली कामे. त्यांच्या त्या रात्रींवर आजची सोय उभी आहे.

1 मे 2018 ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा प्रारंभ झाला. महसूल खाते तेव्हा कोल्हापूरच्याच चंद्रकांत पाटलांकडे होते. पुढे 'महाभूमी' पोर्टलवर 15 रुपयांत उतारा मिळू लागला. कळंब्यातला माणूस मुंबईत किंवा दुबईत असला तरी गावचा उतारा त्याच्या फोनवर आला. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेने चिखली आणि आंबेवाडी बुडवली, घरातल्या ट्रंकांतले कागद भिजून लगदा झाले. जमिनीची नोंद मात्र सर्व्हरवर शाबूत होती. त्या पुरानंतर तरी डिजिटल कागदाला हसणे थांबायला हवे होते.

पण कचेऱ्यांनी लवकर मानले नाही. ऑनलाइन उतारा घेऊन गेलेल्याला 'तलाठ्याचा सही-शिक्का आणा' असे ऐकवले जाई, आणि तो बिचारा सही-शिक्क्याची आवश्यकता नाही असे छापलेल्या कागदावर शिक्का मारून आणी. नकार देणाऱ्या कारकुनाचीही एक खरी अडचण होती. डिजिटल सही फाइलमध्ये असते, छापील कागदावर नसते. प्रिंट काढली की गणित मागे राहते आणि हाती उरते साधे चित्र. फाइल संगणकावर उघडली तरी सहीशेजारी पिवळे प्रश्नचिन्ह दिसे, कारण त्या संगणकाने भारतीय नियंत्रकाची मूळ किल्ली ओळखलेली नसे. म्हणून उताऱ्यावर क्यूआर कोड आणि 16 अंकी पडताळणी क्रमांक आले. तो क्रमांक पोर्टलवर टाकला की मूळ उतारा समोर येतो आणि हातातला कागद त्याच्याशी ताडता येतो. पेशवे दप्तरातल्या नोंदीशी सनद ताडून पाहणे ते हेच. डिसेंबर 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी असा उतारा सर्व कामांसाठी वैध असल्याचे परिपत्रकाने स्पष्ट केले. सुरुवातीपासून साडेसात वर्षांनी.

आता धोका कागदात राहिलेला नाही, टोकनच्या ताब्यात आहे. तलाठ्याकडे कामाचा डोंगर, म्हणून हाताखाली खासगी माणूस बसतो. लोक त्याला 'झिरो तलाठी' म्हणतात. टोकन आणि पासवर्ड त्याच्या हाती गेला की त्याने केलेली सही गणिताच्या दृष्टीने पूर्ण खरी असते. तेलगीने खऱ्या यंत्रावर खोटा कागद छापला होता. इथे खऱ्या किल्लीने खोटी नोंद होऊ शकते, आणि पडताळणी क्रमांक टाकला तरी पोर्टल ती खरीच म्हणून दाखवील. बदली झालेल्याचे प्रमाणपत्र त्याच दिवशी बंद होणे आणि टोकन दुसऱ्याच्या हातात दिसले तर कारवाई होणे, या दोन गोष्टी काटेकोर झाल्या पाहिजेत. शिक्के-कट्यार परत घेणाऱ्या राज्यकर्त्यांना हे कळत होते. आपल्यालाही आपला ओटीपी दलालाला सांगताना कळले पाहिजे, कारण आधारचा ओटीपी ही आता आपली सही आहे.

काही कागद मात्र कायद्याने अजून या सगळ्याबाहेर ठेवले आहेत, त्यातला एक म्हणजे मृत्युपत्र. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आजही आहे. कळंब्यातल्या जमिनीचा उतारा फोनवर येईल, पण ती जमीन कोणाला द्यायची हे लिहून ठेवायचे तर 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे शाईची सही किंवा अंगठा लागतो आणि दोन साक्षीदार लागतात. हा अपवाद तसाच राहावा, असे माझे मत आहे. मृत्युपत्रावर वाद होतो तेव्हा सही करणारा सांगायला हयात नसतो. किल्ली त्याची होती हे यंत्र सांगेल, पण ती त्याच्याच हातात होती आणि तो शुद्धीवर होता हे शेजारी बसलेली दोन माणसेच सांगू शकतात.